बांध कुठे घालायचा? उपग्रह, नकाशे आणि गणित मृद्-जलसंधारणाला काय सांगतात

पावसाळा सरला की दोन तऱ्हेच्या बातम्या येतात. एकीत नव्या बंधाऱ्यात तुडुंब साठलेलं पाणी असतं. दुसरीत दोनच वर्षांपूर्वीचा बंधारा गाळाने गच्च भरलेला असतो, कोरडा पडलेला असतो, नाहीतर पाण्याने बाजूचा काठ फोडून वाट काढल्यामुळे नाल्याच्या मध्यात एकटाच उभा असतो. दगड-सिमेंट दोन्हीकडे तेवढंच लागलं, माणसं तेवढीच राबली. फरक बहुतेक वेळा जागेचा असतो.

अलीकडे या जागा उपग्रहाने, ड्रोनने किंवा एआयने ठरवल्याचं वाचायला मिळतं. आकाशातून पाहून जमिनीवर पाणी कुठे धावेल आणि कुठे मुरेल हे कसं कळणार, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणं रास्त आहे. यातल्या काही गोष्टी आकाशातून फार चांगल्या कळतात, तर काही मुळीच कळत नाहीत. कोणत्या गोष्टी कोणत्या गटातल्या, हे ओळखता आलं तर वाया जाणारी पुष्कळ कामं वाचतील.

## सगळी जमीन सारखी झिजत नाही

पत्र्याच्या छपरावर पाऊस सगळीकडे सारखा पडतो. अंगणाला खड्डा मात्र पन्हळीची धार पडते तिथेच होतो. डोंगरउताराचंही तसंच आहे. वरचं पाणी वाटेत एकत्र येतं, वेग घेतं आणि ठरावीक जागी माती उचलतं. बाकीच्या जमिनीवरून ते पातळ थराने, फारसं काही न बिघडवता निघून जातं.

आकडे लहान वाटतात, म्हणून झीज डोळ्यांना दिसत नाही. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्याच हेक्टरवरून मातीचा १ मिलिमीटर थर गेला तर १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन माती गेली. शेतात उभं राहून १ मिलिमीटर कमी झाल्याचं कुणालाच कळणार नाही, पण ही माती भरायला मोठा ट्रक लागेल.

झीज कशाने वाढते याचं रूढ गणित अमेरिकेत १९६५ साली प्रसिद्ध झालं आणि १९७८ साली सुधारलं गेलं. त्याला धूप-समीकरण म्हणू. पावसाचा मारा, मातीची ठिसूळता, उताराची लांबी आणि तीव्रता, जमिनीवरचं आच्छादन आणि केलेले उपाय यांचा तो साधा गुणाकार आहे. २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराची उघडी पट्टी त्यात मोजपट्टी म्हणून धरलेली आहे. ९ टक्के उतार म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर ९ मीटर उतरणं.

या गणितातून निघणारी तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे. उतार ५ टक्क्यांचा १० टक्के झाला की धूप सुमारे अडीचपट होते. उताराची लांबी दुप्पट झाली तर ती सुमारे १.४ पट होते. मध्यम उतारावर आडवी, म्हणजे समपातळीवर मशागत केली तर निम्म्यावर येऊ शकते. उघड्या, नांगरलेल्या जमिनीवर मात्र दाट गवत आलं तर धूप शंभरपट किंवा त्याहूनही कमी होते. उतार आपल्या हातात नाही, आच्छादन आहे. दगडी कामांचे फोटो छान येतात म्हणून सगळा पैसा त्यांच्यावर जातो आणि गवताचं बी, पालापाचोळा, चराईबंदी यांना कुणी विचारत नाही. हे गणिताच्या अगदी उलट आहे.

## आधी सांगा, वाचवायचं काय आहे?

नकाशा उघडण्याआधी हा प्रश्न सोडवायला हवा. तो सोडून दिल्यामुळेच महागडे नकाशे निरुपयोगी ठरतात. शेतातली सुपीक माती वाचवायची, खालचं धरण गाळापासून वाचवायचं, की विहिरींचं पाणी वाढवायचं? तिन्हींच्या जागा वेगवेगळ्या आहेत.

शेतातली माती वाचवायची तर सगळ्यात जास्त झिजणारी शेतं शोधायची. धरणासाठी तेवढं पुरत नाही. एखादं शेत खूप झिजत असेल, पण त्याच्या खाली गवताचा रुंद सपाट पट्टा असेल तर बरीचशी माती तिथेच थबकते. दुसरं शेत त्याच्या निम्म्यानेच झिजत असेल, पण त्याची ओघळ थेट नाल्याला मिळत असेल तर धरणाच्या दृष्टीने तेच जास्त घातक. झिजलेली माती प्रवाहापर्यंत पोहोचते की नाही, याला आपण 'जोडणी' म्हणू. गाळासाठी झीज आणि जोडणी दोन्ही एकत्र पाहावी लागतात. विहिरींसाठी तर वेगळाच शोध आहे. तिथे झीज बाजूला राहते आणि माती किती पाणी पिते, खालचा खडक ते पुढे जाऊ देतो का, हे महत्त्वाचं ठरतं.

एकच 'प्राधान्य नकाशा' तिन्ही कामांना चालेल असं कुणी सांगत असेल, तर तो कोणत्या हेतूने बनवला हे नक्की विचारा.

## उंचीचा नकाशा: सगळ्याचा पाया

पाणी उताराकडे जातं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणची उंची कळली की वाहण्याची दिशा कळते. जमिनीवर चौकोनी जाळी टाकून प्रत्येक चौकोनात उंचीचा एक आकडा भरायचा, हा झाला उंचीचा नकाशा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडार फिरवून जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ३० मीटर चौकोनांची ती माहिती आज कुणालाही फुकट मिळते. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहापासून बनवलेला उंचीचा नकाशा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आहे.

पुढचं काम संगणकाचं, पण विचार साधा आहे. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी असतात. त्यांतल्या ज्याच्याकडे उतार सगळ्यात तीव्र, त्याच्याकडे या चौकोनाचं पाणी जातं असं धरायचं. मग प्रत्येक चौकोनाने विचारायचं, 'वरून माझ्याकडे एकूण किती चौकोनांचं पाणी येतं?' माथ्यावरच्या चौकोनाचं उत्तर शून्य येतं, ओघळीत शेकडो आणि नाल्यात हजारो. हे आकडे रंगवले की झाडाच्या फांद्यांसारखं प्रवाहांचं जाळं उमटतं. कोणत्याही बिंदूवर बोट ठेवून त्याच्या वर किती हेक्टरचं पाणी आहे, म्हणजे त्याचं पाणलोट क्षेत्र किती, हे सांगता येतं. क्यूजीआयएससारख्या मोफत संगणक प्रणालीत हे काम काही तासांत शिकता येतं.

एक खबरदारी मात्र हवी. उंचीच्या नकाशात मोजमापाच्या चुकीमुळे खोटे खड्डे असतात. संगणकाचं पाणी त्यांत अडकून बसतं आणि प्रवाह मध्येच तुटतो. म्हणून आधी खड्डे 'भरण्याची' आज्ञा द्यावी लागते. डोळे झाकून दिली तर खरी तळी, खाणी आणि जुनी शेततळीही भरून निघतात. रस्ते आणि रेल्वेचे भराव ही दुसरी अडचण. संगणकाला भराव ही भिंत वाटते, त्याच्या पोटातली मोरी त्याला दिसत नाही. खरं पाणी मोरीतून सरळ जातं, नकाशातलं पाणी भरावाच्या कडेने वळून भलत्याच नाल्याला मिळतं. मोऱ्यांच्या जागा हाताने भरून घेतल्याशिवाय हा नकाशा कुणाला दाखवू नये.

## पाऊस दुप्पट, वाहतं पाणी जवळपास चौपट

जागा कळली, आता पाणी किती येईल? यासाठी अभियंते 'वक्र क्रमांक' वापरतात. माती आणि आच्छादन पाहून जमिनीला १०० पर्यंतचा गुण द्यायचा. गुण जितका जास्त, तितकं मुरणं कमी आणि वाहणं जास्त. डांबरी रस्ता १०० च्या जवळ, दाट झाडी आणि भुसभुशीत माती बरीच खाली.

समजा उताराला ८० गुण मिळाले. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर या सूत्राने सुमारे १४ मिलिमीटर पाणी वाहून जातं. पाऊस १०० मिलिमीटर झाला की वाहणारं पाणी सुमारे ५० मिलिमीटर होतं. म्हणजे पाऊस दुपटीने वाढला आणि वाहतं पाणी साडेतीनपटीहून जास्त. साधारण १२-१३ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस मात्र ही जमीन पूर्ण पिऊन टाकते. आता हाच उतार अति चराईने उघडा पडला आणि गुण ९० वर गेला, तर त्याच ५० मिलिमीटर पावसात १४ ऐवजी २७ मिलिमीटर पाणी धावेल. जागा तीच, पाऊस तोच, तरी बंधाऱ्यावर येणारं पाणी जवळपास दुप्पट.

आच्छादन उपग्रहाला छान दिसतं. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की 'हिरवाई निर्देशांक' मिळतो. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी १० मीटर बारकाव्याची फुकट छायाचित्रं देतात. ती पाहायची वेळ मात्र नीट निवडायला हवी. पीक डोलत असतानाचं चित्र इथे कामाचं नाही. सगळ्यात जास्त धूप पावसाच्या सुरुवातीला, जमीन नांगरून उघडी असताना होते. पहिल्या मोठ्या पावसाच्या आधीचं शेवटचं स्वच्छ चित्र हे सगळ्यात मोलाचं. पुढे ढग दाटले की हे उपग्रह आंधळे होतात. साठलेलं पाणी पाहायचं तर ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारकडे वळावं लागतं.

## ३० मीटरच्या चौकोनात काय हरवतं

३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर जमीन आणि तिला उंचीचा एकच आकडा. दोन मीटर रुंदीची ओघळ, कमरेएवढा बांध, पायवाटेने पडलेली घळ हे सगळं त्या एका आकड्यात विरघळून जातं. अमेरिकेतील चेसापीक उपसागराला सहा राज्यांतून पाणी मिळतं. तिथे आच्छादनाचा नकाशा ३० मीटरवरून १ मीटरवर आणला, तेव्हा ओढ्याकाठचे झाडांचे अरुंद पट्टे दिसू लागले. ओढ्याकडे जाणारी माती हेच पट्टे गाळून घेतात. ते कुठे आहेत आणि कुठे तुटलेत हे कळल्याशिवाय नवी झाडं कुठे लावायची ते ठरत नाही.

सपाट काळ्या जमिनीत तर ३० मीटरचा नकाशा सरळसरळ फसवतो. १ टक्का उतार असेल तर शेजारच्या दोन चौकोनांच्या उंचीत ३० सेंटिमीटरचा फरक हवा. उंची मोजण्यातली चूक काही मीटरांची असू शकते. म्हणजे पाणी डावीकडे जाईल की उजवीकडे, हे तिथे चूकच ठरवते. रंगीत नकाशा मात्र तितक्याच आत्मविश्वासाने छापून येतो. शिवाय अंतराळातल्या रडारने मोजलेली उंची दाट झाडीत जमिनीची नसते, झाडांच्या शेंड्यांकडची असते. वनाच्या कडेला नकाशात जो कडा दिसतो तो बऱ्याचदा झाडांचाच.

अशा जागी ड्रोन लागतो. तो अनेक छायाचित्रं एकमेकांवर चढवत घेतो. पुढच्या-मागच्या चित्रांत ७५ ते ८० टक्के आणि बाजूच्या चित्रांत ६० ते ७० टक्के भाग समान असला की दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखी खोली मोजता येते. त्याआधी जमिनीवर ठळक खुणा ठेवून त्यांची नेमकी जागा आणि उंची वेगळ्या उपकरणाने मोजावी लागते. या खुणा वगळल्या तर अख्खा नकाशा मध्ये फुगतो किंवा कडेला वाकतो. समपातळीवर चर खणायला असा वाकलेला नकाशा भयंकर ठरतो. उड्डाण पीक निघाल्यावरच करावं, कारण ड्रोनलाही पिकाखालची जमीन दिसत नाही. लेझर किरणांनी उंची मोजणारी उपकरणं झाडांच्या फटींतून जमीन गाठतात, पण ती बरीच महाग पडतात.

म्हणून मोठ्या पाणलोटाची चाळणी ३० मीटरच्या फुकट नकाशावर करावी आणि निवडलेल्या थोड्या जागांवरच ड्रोन उडवावा. सगळीकडे ड्रोन फिरवण्यात पैसा जातो आणि हाती येणाऱ्या माहितीचं ओझं होतं.

## नकाशावरून यादी, यादीवरून शिवार

जागा निवडताना आधी नकार द्यायचे. इतक्या तीव्र उतारावर चर नको, इतक्या लहान पाणलोटाला बंधारा नको, ही पूर्वीच्या कामाची जागा, हा रस्ता, ही वस्ती. नकार दिल्यावर उरलेल्यांना गुण द्यायचे. इथे एक पळवाट असते. उताराला ३० टक्के महत्त्व, मातीला २०, आच्छादनाला २५ हे आकडे उपग्रह देत नाही, कुणीतरी माणूस ठरवतो. म्हणून हे आकडे थोडे हलवून यादी पुन्हा काढावी. प्रत्येक वेळी वरच्या गटात राहणाऱ्या जागा पक्क्या. जराशा फेरफारात वर-खाली होणाऱ्या जागा संशयास्पद, त्यांच्यावर आधी चालून यावं.

धूप-समीकरणाचे आकडेही याच सावधगिरीने वाचावेत. ते चाचणीपट्ट्यांवरच्या हजारो नोंदींवर बसवलं गेलं, पण त्या पट्ट्या अमेरिकेतल्या होत्या. दुसऱ्या मुलखात 'दर हेक्टरी इतके टन' हा आकडा खरा मानू नये. कोणतं शेत जास्त झिजतं आणि कोणतं कमी, ही क्रमवारी मात्र बरीच भरवशाची असते. शिवाय हे समीकरण घळींची धूप मोजतच नाही. काही पाणलोटांत गाळाचा मोठा वाटा घळींचाच असतो. त्या छायाचित्रांतून आणि पायी फिरून वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

आता उताराचं एक उदाहरण घेऊ. वरच्या हिशोबाने ५० मिलिमीटर पावसात दर हेक्टरी १३८ घनमीटर पाणी धावतं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर एका मीटर लांबीत ०.१८ घनमीटर पाणी धरतो. सगळं पाणी धरायला हेक्टरी सुमारे ७६७ मीटर चर लागेल, म्हणजे दर १३ मीटरवर एक ओळ. हे जमण्यासारखं आहे. १०० मिलिमीटर पाऊस धरायचा म्हटलं तर ओळी साडेतीन मीटरवर येतील आणि डोंगर चाळणीसारखा होईल. म्हणून चर मध्यम पावसासाठी खणायचे आणि जास्तीच्या पाण्याला सांडून जायला ठरवलेली वाट द्यायची. ती दिली नाही तर सगळ्यात वरचा चर फुटतो, त्याचं पाणी दुसऱ्यावर कोसळतं, आणि संध्याकाळपर्यंत जिथे ओघळ नव्हती तिथे घळ तयार होते.

चराचा तळ पातळीत असणं इथे जीव की प्राण. ३० मीटर लांबीत १ टक्का चूक झाली तर एका टोकाला ३० सेंटिमीटर फरक पडतो, म्हणजे चराची सगळी खोली संपली. पाणी एका टोकाला गोळा होतं आणि तिथेच काठ फोडतं. उपग्रहाच्या नकाशावरून ही आखणी होत नाही. तिला ए-फ्रेम (इंग्रजी 'A' च्या आकाराची, ओळंबा लावलेली लाकडी चौकट) किंवा पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन मोजपट्ट्यांचा हायड्रोमार्करच लागतो. चरात थोड्या-थोड्या अंतरावर न खणलेला आडवा तुकडा सोडला तर चूक झाली तरी नुकसान त्या तुकड्यापुरतं राहतं.

ओघळीतल्या अनघड दगडी बांधांचा नियमही सोपा आहे. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. ओघळीचा उतार १० टक्के आणि बांध १ मीटर उंच असेल तर पुढचा बांध १० मीटरवर. लांब ठेवले तर मधला तळ खचत राहतो. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट हवा आणि दोन्ही टोकं काठात आत शिरलेली हवीत. सरळ माथ्याचा बांध पाण्याला काठाकडे ढकलतो, आणि सुरुवातीला सांगितलेला एकटा उभा बंधारा असाच तयार होतो.

## 'हे आमच्या वडीलधाऱ्यांना नकाशाशिवाय कळत होतं'

कळत होतं, आणि आजही कळतं. कोणत्या बांधाला दरवर्षी भगदाड पडतं, कोणत्या विहिरीला उशिरापर्यंत पाणी टिकतं, कोणत्या शेतात वाफसा आठवडाभर उशिरा येतो, हे कसणाऱ्यालाच ठाऊक असतं. या माहितीला संगणकात जागा दिली नाही तर नकाशा अर्धवट राहतो. पण एका माणसाची माहिती आपल्या शिवारापुरती असते. पाणलोट दहा गावांत पसरलेला असतो आणि वरच्या गावात काय चालतं ते खालच्याला दिसत नाही. दहा गावांच्या जागा एकाच मापाने तोलायला नकाशा उपयोगी पडतो. त्यातली प्रत्येक जागा कसणाऱ्याने तपासायची. दोघांचं जुळलं नाही तर चूक बहुतेक नकाशातली असते, पण दरवेळी नाही. म्हणून वाद पावसात उभं राहून सोडवावा. मोठ्या पावसाच्या अर्ध्या तासात ओघळीजवळ जे दिसतं ते कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही.

## 'जमिनीखालचं काय?'

आकाशातून पाहण्याची ही खरी मर्यादा. उपग्रह वरचा थर पाहतो. भूपृष्ठावरच्या लांब सरळ रेषांवरून खडकातल्या भेगांचा अंदाज बांधता येतो, पण ती रेषा म्हणजे भेग, जुना रस्ता की शेताची हद्द, हे चालून पाहावंच लागतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, सच्छिद्र, कुजलेला थर पाणी घेतो आणि त्याखालचा घट्ट कातळ घेत नाही. पाझर तलाव घट्ट कातळावर बसला तर ते नुसतं उघडं भांडं होतं आणि उन्हाळ्याआधीच हवा ते पिऊन टाकते. त्यासाठी विहिरींच्या कडा पाहणं हा स्वस्त आणि उत्तम उपाय. परिसरातल्या वीस-पंचवीस विहिरींत मुरूम किती खोल, सच्छिद्र थर किती जाड, झरे कोणत्या पातळीला, हे लिहून नकाशावर टाकलं की खडकाचं चित्र उभं राहतं.

माती किती पाणी पिते हेही मोजता येतं. ३० आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या दोन कड्या एकात एक ठेवून जमिनीत ठोकायच्या, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कडीतली पातळी किती वेगाने उतरते ते पाहायचं. बाहेरच्या कडीतलं पाणी आतल्याला बाजूला पसरू देत नाही. वाळू ताशी ३० मिलिमीटरहून जास्त पिते, चिकण माती १ ते ५ मिलिमीटर. कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिल्या तासाचा आकडा मात्र फसवा असतो. भेगा मिटेपर्यंत मोजत राहावं.

## 'वरच्यांनी अडवलं तर खालच्यांचं काय?'

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. पाणलोटातल्या पाण्याची मर्यादा ठरलेली असते. वर साठवलेलं पाणी मुरून, खडकातून वाट काढत खाली येणार असेल तर खालच्यांना ते उशिरा पण जास्त काळ मिळतं. उघड्या तळ्यात साठून उडून जाणार असेल किंवा वरच उपसलं जाणार असेल, तर खालच्यांचं तितकं पाणी गेलं. उंचीच्या नकाशाची इथे मोठी मदत होते. प्रत्येक नव्या कामाच्या आधी, त्या बिंदूच्या वर किती पाणी धावतं आणि आधीची कामं त्यातलं किती धरतात, ही वजाबाकी करता येते. आधीच सगळं पाणी अडलेल्या ओढ्यावर आणखी एक बंधारा घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी उचलणं.

नकाशावर सगळ्यात झिजणारी शेतं लाल रंगवली, तर लाल नसलेल्या शेतांचा प्रश्नही याच जातीचा. मोजका पैसा सगळ्यात झिजणाऱ्या जागांवर खर्च व्हावा हे बरोबर, पण यादीबाहेरच्यांना कारण कळायला हवं. गुण कसे दिले ते ग्रामसभेत, लोकांच्या भाषेत, नकाशा भिंतीवर लावून सांगावं. लाल रंग हा शेतकऱ्याच्या नावावरचा डाग ठरता कामा नये. उतार आणि वरून येणारं पाणी त्याने निवडलेलं नसतं.

## 'एआय हे सगळं एका क्षणात करेल ना?'

छायाचित्रातल्या घळी, चर, तळी ओळखण्यात यंत्र वेगवान आहे. त्याला आधी माणसाने खुणा केलेल्या अनेक घळी दाखवाव्या लागतात. एका प्रदेशातल्या तांबड्या मातीच्या घळींवर शिकलेलं यंत्र काळ्या मातीत गाडीवाटेलाही घळ म्हणतं. म्हणून आपल्या भागातल्या काही जागा शिकवण्यातून वगळून ठेवाव्या आणि त्यांच्यावर परीक्षा घ्यावी. शंभर घळींपैकी किती सापडल्या आणि सापडल्यापैकी किती खोट्या, हे दोन आकडे मागावेत. नुसतं 'अचूकता ९५ टक्के' याला अर्थ नाही. उतारावर घळी असतात मूठभर. 'घळ कुठेच नाही' म्हणणारं यंत्रही तेवढी अचूकता सहज गाठतं.

## काम झालं, आता मोजायचं काय?

कामानंतरच्या वर्षी हिरवाई वाढलेली दिसते आणि यशाची बातमी छापली जाते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर काम न झालेली गावंही हिरवी दिसतात. तुलना नेहमी दोन बाजूंची करावी. काम झालेला पाणलोट आणि तशाच उताराचा, मातीचा, पावसाचा पण काम न झालेला शेजारी, दोन्हींची कामाआधीची आणि नंतरची काही वर्षं. दोन्ही ठिकाणी झालेल्या बदलांमधला फरक हेच कामाचं फळ.

विहिरीची पातळीही भुलवते. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये खडकाच्या एकूण आकारमानाच्या २ टक्क्यांच्या आसपासच पाणी देता-घेता येतं. तिथे १०० मिलिमीटर पाणी मुरलं की पातळी ५ मीटर चढते. २० टक्के पोकळी असलेल्या वाळूत तेवढंच पाणी अर्धा मीटर चढवेल. ५ मीटर वाढ ऐकून हुरळून जाऊन उसासारखं तहानलेलं पीक वाढवलं, तर तेवढंच थोडं पाणी तितक्याच वेगाने खाली जातं. पातळी मोजताना पंप काही तास बंद ठेवावा आणि दरवेळी विहिरीच्या काठावरच्या त्याच खुणेपासून मोजावं.

तळं खरंच मुरवतं का, हे एका काठीने कळतं. सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी तळ्यात पक्की रोवायची. पावसाविना जाणाऱ्या दिवसांत रोज सकाळी एकाच वेळी पातळी लिहायची. उतरलेल्या पातळीतून त्या ऋतूचं बाष्पीभवन वजा करायचं, उन्हाच्या दिवसांत ते रोज साधारण ५ ते ८ मिलिमीटर असतं. रोज २० मिलिमीटर उतरत असेल तर १२ ते १५ मिलिमीटर जमिनीत चाललं आहे, तळं आपलं काम करतं आहे. दोन-तीन वर्षांत हाच आकडा घसरत गेला तर तळाशी बारीक गाळाची साय धरली आहे. ती पाणी आटल्यावर खरवडून काढायची आणि गाळ कोणत्या ओघळीने आला ते वर चालत जाऊन पाहायचं. ती ओघळ यादीत नसेल तर नकाशात तिची भर घालायची आणि पुढचं काम तिथे धरायचं.